ग्राफिक्स कार्ड बदललं की मुंबईचं लँडिंग अडकायचं थांबेल का? (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम २०२०)

उजळाईवाडी_०७
मंडळी नमस्कार, कोल्हापूरकर आहे. प्रोसेसर रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, कार्ड जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत आलेला, त्यावर ४५० वॅट लिहिलंय. मॉनिटर साधा १०८०पी. इथून उडालो की सह्याद्रीवर मस्त चालतं, सेकंदाला ३५-४० फ्रेम मिळतात, पण मुंबईला धावपट्टी २७ वर उतरायला गेलं की खाली ते पत्र्यांचे छप्पर दिसायला लागले की झटके सुरू आणि नेमकं फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलतो तेव्हा) चित्र थांबतं, विमान आपटतं. आता तीसेक हजार साठवलेत. आरटीएक्स ३०६० बारा जीबी घेऊ का ४०६०? माझ्या बोर्डात बसेल ना, कारण ही सगळी कार्डं पीसीआयई (कार्डाचा स्लॉट) ४ ची आणि माझा बोर्ड ३ चा.

ढगातला_मामा
बसतं रे, स्लॉट तोच आहे, फक्त जुन्या वेगाने चालतं. फरक एवढाच की ४०६० ला आठच लेन (डेटाचे रस्ते) आहेत, ३०६० ला सोळा. एरवी कळणार पण नाही, पण ४०६० ची आठ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की माल रॅममधून त्या अर्ध्या रस्त्याने आणावा लागतो आणि तेव्हा झटका बसतो. या सिमला टेक्स्चर अल्ट्रावर ठेवलं की आठ जीबी भरायला वेळ लागत नाही. म्हणून तुझ्या बोर्डावर माझं मत ३०६०.
पण त्याआधी एक काम कर. डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा डबा उघड, त्यात लिमिटेड बाय काय येतंय ते मुंबईच्या गेटवर उभं राहून बघ. मग रेंडर स्केलिंग (चित्राचं रेझोल्यूशन) १०० वरून ६० कर. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी, आहे तिथंच राहिल्या तर बिचाऱ्या कार्डाला शिव्या घालू नकोस.

वायर_तपासनीस
सगळे कार्डावरच बोलतायत, पॉवर सप्लायचं कोण बघणार? १६५० बहुतेक स्लॉटच्या ७५ वॅटवरच चालतं, वेगळी वायर लागत नाही, म्हणून तुझं आत्तापर्यंत निभावलं. ३०६० म्हणजे १७० वॅट, त्याला आठ पिनची वायर हवी. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायवर लिहिलेल्या ४५० वर मी तर विश्वास ठेवत नाही. आणि कृपा करून ते मोलेक्सवरून (जुनी चार पिनची वायर) आठ पिन करायचं जोडकाम करू नका, माझ्या मित्राकडं प्लॅस्टिक वितळून वास सुटला होता, वेळेत बटण बंद केलं म्हणून वाचला. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घे, आणि कॅबिनेट आतून टेपने मोज, तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात.

निळा_कॉकपिट
मी उलटं सांगतो, ४०६० च घे. त्यात फ्रेम जनरेशन आहे (खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड स्वतः फ्रेम बनवून घालतं), प्रोसेसर अडतो तिथंच ते कामाला येतं. आकडा जवळपास दुप्पट दिसतो.

ढगातला_मामा
दिसतो हो, दिसतो! पण खाली खऱ्या फ्रेम १८ असतील तर मधल्या बनवलेल्या फ्रेम घालून योक (विमानाचं स्टिअरिंग) हलवल्यावर उशीर जाणवतोच की. शिवाय डीएलएसएस (छोटं चित्र बनवून मोठं करणं) लावलं की ए३२० विमानाच्या स्क्रीनवर उंचीचे आकडे फिरताना मागे शेपूट सोडतात, मला तर ते बघून डोकं दुखतं. मी टीएए (साधं कडा गुळगुळीत करणं) १०० वर ठेवून ३० ला लॉक करतो. सिमला एकसारखे ३० मिळाले तरी पुरतात, इथं कुठं गोळ्या चुकवायच्यात.

उजळाईवाडी_०७
मामा, केलं तुम्ही सांगितलं तसं. गेटवर १७-१८, लाल अक्षरात मेनथ्रेड (म्हणजे प्रोसेसर). स्केलिंग ६० केलं तरी १८ च! उलट कास पठारावर जाऊन बघितलं तर तिथं जीपीयू लिहून येतंय. म्हणजे मुंबईत प्रोसेसर आणि डोंगरात कार्ड?

ढगातला_मामा
बरोबर पकडलंस. आधी फुकटचं कर. टेरेन एलओडी (लांबपर्यंत जमीन किती बारीक दाखवायची) २०० असेल तर १०० वर आण, विमानतळावरच्या गाड्या आणि माणसं कमी कर, ग्लास कॉकपिट रिफ्रेश (कॉकपिटच्या स्क्रीन किती वेळा बदलतात) मीडियम. हे तिन्ही प्रोसेसर खातात. ढग अल्ट्रावरून हायवर आण, ते कार्डाचं ओझं.
आणि पैसे घालायचेच तर तुझ्या एएम४ (प्रोसेसरचा सॉकेट) बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो, बोर्डच्या साईटवर यादी बघून घे. तुझ्या २६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, याला ९६, आणि या सिमला ती कॅश लय आवडते. फक्त सोबत कूलर येत नाही आणि तुझा जुना छोटा कूलर त्याला झेपणार नाही, तो खर्च धर.

वायर_तपासनीस
आणि बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट २६०० बोर्डात असतानाच करायचं, नवीन बसवून नाही. मधे लाईट गेली तर बोर्ड गेला समजा.

उजळाईवाडी_०७
एलओडी १०० आणि गाड्या कमी करून २५-२६ आले, काल पहिल्यांदा न आपटता टेकलो 😄 प्रोसेसर, कूलर आणि पॉवर सप्लाय आत्ता घेतो, कार्ड दिवाळीला. बायोस उद्या करणार होतो पण उद्या सोमवार, आमच्याकडं मेंटेनन्सला लाईट घालवतात. शेजारच्या काकांचा इन्व्हर्टर मागून आणतो.