मदत हवी आहे: मणक्याची घनता बरी, तरी आईचं मनगट मोडलं. फ्लोराइडचा संबंध असेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही नेरूळला राहतो. आई ६८ वर्षांची. लग्नापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी होती, बोअरच्या पाण्यावर; त्या पाण्यात फ्लोराइड जास्त असावं अशी मला शंका आहे. बाबा गेल्यावर तिला इकडे आणलं. पावसाळ्यात बाथरूमच्या दारात तोल गेला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडावं, हेच मनाला लागून राहिलंय.

डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी केली. मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना; जितका उणे तितकं हाड विरळ) -०.६, खुब्याचा -२.७. डॉक्टर म्हणाले ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होण्याचा आजार) आहे, झोलेड्रोनिक अॅसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करू. मी पाण्याचा विषय काढला, पण ओपीडीच्या गर्दीत तो तसाच राहिला.

दुसरीकडे मामा म्हणतात, फ्लोराइडने हाडं बळकट होतात, पूर्वी त्याच्या गोळ्याच द्यायचे. गोळ्या द्यायचे हे खरं आहे. पण १९९० साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, तो मी वाचला. पाळी गेलेल्या २०२ बायका, चार वर्षं. निम्म्यांना कॅल्शियमबरोबर रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, बाकीच्यांना नुसतं कॅल्शियम. फ्लोराइडवाल्यांच्या मणक्याची घनता ३५ टक्के वाढली, पण मणक्याचे फ्रॅक्चर म्हणावे तसे कमी झाले नाहीत आणि इतर हाडांचे उलट वाढले. हाताच्या रेडियस हाडाची घनता तर ४ टक्के घटली. फ्लोराइड हाडाच्या स्फटिकातच जाऊन बसतं; हाड भरतं, पण ठिसूळ होतं. म्हणून मामांना मी ठाम नाही म्हटलंय.

आईचा रिपोर्ट पाहिला की मला हेच दिसतं. वयामुळे मणके झिजले तरी तिथला आकडा फुगतो, हे माहीत आहे. पण गावात जन्मलेल्या माझ्या काकांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेलं की येतात तसे. आईचे दात स्वच्छ आहेत, पण ती तिथे आली तेव्हा दात येऊन गेले होते, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. सकाळी उठताना तिची कंबर आणि गुडघे इतके आखडलेले असतात की पलंगाच्या कडेला बसून आधी पाय चोळते, मग उभी राहते.

विचारायचं एवढंच:

इंजेक्शनच्या आधी लघवीतलं फ्लोराइड आणि हाताचा एक्स-रे करून घ्यावा का? फ्लोरोसिसमध्ये (जास्त फ्लोराइडने होणाऱ्या आजारात) कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर कॅल्शियम साचतं, ते त्यात दिसतं म्हणतात. लघवीची ही तपासणी वाशी-ठाण्याकडे कुठली लॅब करते?

फ्लोरोसिस निघालाच तर हेच इंजेक्शन चालतं का? किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. व्हिटॅमिन डी कमी आलंय, ते आधी भरून काढायचं ना?

यवतमाळ, चंद्रपूरकडचे पेशंट पाहिलेले एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन आणि हाडांच्या अशा आजारांचे डॉक्टर) नवी मुंबईत किंवा ठाण्यात कोणी माहीत असतील तर कृपया कळवा. पुढची तारीख जवळ आली आहे.

आणि गावी अजून काका-काकू तेच पाणी उकळून पितात. उकळून फ्लोराइड जात नाही, हे त्यांना फोनवर सांगितलंय. तिथे घरी आरओ बसवलेलं कोणी असेल तर अनुभव लिहा.