घरच्या कॉम्प्युटरवर रोजचं खातं अ‍ॅडमिनचं कशाला?

घाटमाथा (धागाकर्ता):
नवा लॅपटॉप सुरू करताना जे पहिलं खातं उघडतो, ते विंडोज अ‍ॅडमिनचं, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर बदल करू शकणारं, करतं आणि बहुतेक घरांत पुढे कायम तेच वापरलं जातं. माझं मत: अ‍ॅडमिनचं खातं वेगळं काढून, पासवर्ड लावून बाजूला ठेवा. मुलांचा अभ्यास, आईबाबांचं बँकिंग, सगळं साध्या म्हणजे स्टँडर्ड खात्यातून होऊ द्या.

2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, पूर्ण अधिकार देण्याआधी विचारणारी सोय) आलं. तेव्हापासून अ‍ॅडमिन खात्यातसुद्धा प्रोग्राम आधी साध्या अधिकारांवरच चालतात. स्क्रीन काळवंडते, चौकट येते, 'येस' दाबलं की पूर्ण अधिकार मिळतात. अडचण त्या 'येस'ची आहे, लोक तो न वाचता दाबतात. साध्या खात्यात तीच चौकट अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. तिथे हात थांबतो.

शेवगा:
असहमत. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं. मोलाचे आहेत ते लेकीचे फोटो आणि कराची कागदपत्रं. ती माझ्याच फोल्डरमध्ये असतात आणि तिथे लिहायचा-पुसायचा पूर्ण अधिकार साध्या खात्यालाही असतोच. रॅन्समवेअरला, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, त्या फायली कुलूपबंद करायला अ‍ॅडमिन लागत नाही. फोनवर गोड बोलून आपला स्क्रीन बघणाऱ्या भामट्यांचंही तेच, त्यांची कित्येक अ‍ॅप्स इन्स्टॉल न करताही चालतात. त्यापेक्षा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. दोन खात्यांचा व्याप कशाला?

घाटमाथा:
बॅकअप हवाच, त्यावर वाद नाही. पण एका घरात तीन-चार खाती असली, की साध्या खात्यातून घुसलेलं काहीही दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावू शकत नाही. अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की सगळ्यांचेच फोल्डर त्याच्या हाती. शिवाय सिस्टीम प्रोटेक्शन चालू असेल तर विंडोज फायलींच्या जुन्या प्रती राखून ठेवतं. त्या पुसायला अ‍ॅडमिनच लागतो, आणि रॅन्समवेअर बहुतेक वेळा आधी त्याच पुसतं. नुकसान एका खात्यापुरतं राहणं ही थोडी गोष्ट नाही.

रातराणी:
घरचं ठीक, दुकानाचं बोला! जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा थेट 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे बसवतात त्या फोल्डरात, लिहायला जातात. तिथे साध्या अधिकारांना मज्जाव, म्हणून विंडोज तो गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरात वळवतं. आमच्याकडे दिवसभराच्या नोंदी अशाच तिकडे गेल्या. संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने तेच सॉफ्टवेअर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी उघडलं, तर ते मूळ जागीच बघायला लागलं आणि एकही नोंद दिसेना. नोंदी होत्या, फक्त दुसऱ्या फोल्डरात. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने हे कसं ओळखायचं? त्यानंतर आम्ही सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाकलं.

जुनाजाणता:
रातराणी, त्यासाठी सगळ्यांना अ‍ॅडमिन करू नका. दुकान बंद झाल्यावर एकदा 'व्हर्च्युअलस्टोअर'मधल्या नोंदी मूळ जागी आणा, नाहीतर प्रोग्राम तिथलीच प्रत वाचत राहील. मग त्या सॉफ्टवेअरच्या फक्त डेटा फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि 'यूजर्स' गटाला 'मॉडिफाय', म्हणजे बदल करायची परवानगी, द्या. बाकी काही सैल करायची गरज नाही.

जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क जोडली की 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं, तिथेही हेच. विंडोज माणसाला नावाने नाही, एसआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकाने ओळखतं. जुन्या विंडोजमधला तुमचा क्रमांक वेगळा होता, म्हणून नव्यासाठी तुम्ही परके. हव्या त्या फोल्डरची मालकी घ्या, स्वतःला परवानगी द्या, काम झालं. लोक मात्र सरसकट सगळ्या ड्राइव्हवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (सगळ्यांना पूर्ण अधिकार) देऊन मोकळे होतात. सी ड्राइव्हवर तर हे चुकूनही करू नका.

शेवगा:
पैसे मी मोजले, कॉम्प्युटर माझा, आणि अ‍ॅडमिन असूनही विंडोजच्या फोल्डरातली फाइल मला पुसता येत नाही! मालक कोण, तर 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाचं विंडोजचंच अंतर्गत खातं. ही सुरक्षा नाही, दादागिरी आहे. घाटमाथा, तुम्ही त्यात आणखी एक कुलूप घालताय.

घाटमाथा:
तुमचा हक्क कुठेच जात नाही. अ‍ॅडमिन म्हणून त्या फाइलचीही मालकी तुम्ही घेऊ शकता, फक्त ते मुद्दाम करावं लागतं. तुमच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या फुकट गेमला तसं न विचारता करता येऊ नये, एवढंच मागतोय.

रातराणी:
जुनाजाणता, 'मॉडिफाय'चं आज रात्री करून बघते. पण काउंटरवरच्या खात्यांचे अ‍ॅडमिन अधिकार मार्चचे हिशेब संपेपर्यंत काढणार नाही.