करंट सोडत नाहीत हो!

'जमिनीत करंट सोडून तपासतात, त्यानंच कोयनेला हादरे बसतात' असं वर एकानं लिहिलंय. खालच्या खडकांतून वीज किती सहज वाहते हे बघायच्या या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीत काहीच सोडत नाहीत. लांबवरच्या विजा आणि सूर्याकडून येणारे कण यांच्यामुळं जमिनीत आपोआप उठणारे बारीक प्रवाह नुसते मोजतात. कोरडा ग्रॅनाइट वीज अडवतो, भेगांत खारं पाणी असलं की ती सहज वाहते. कोयनेत वर साधारण १ किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट. ओल्या भेगा कुठं, हे वरून कसं दिसणार? म्हणून हे मोजमाप.

आमच्या कोल्हापूरकडं मात्र उसातल्या मोटरी सुरू झाल्या की त्यांची वीज मिसळून या नोंदींची बोंब! ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेच्या भूकंपात आजीची फळीवरची भांडी खाली आली होती. अजून पावसाळ्यात विचारते, "धरण भरलं व्हय रं?"