उन्हाळ्यातला फॅमिली फोटो: कोणी काय घातलं? (अनुभव धागा)

मे महिन्यात सगळे ठाण्यात जमतात. दीर बंगळूरहून, नणंद पुण्याहून, पोरांचा धुडगूस. मग कोणीतरी म्हणतंच, "एक चांगला फोटो काढून ठेवू या सगळ्यांचा." इथपर्यंत एकमत असतं. यंदा सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे, फोटो उपवन तलावावर काढायचा ठरलाय आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रंगावरून रणकंदन चालू आहे. पिंटरेस्टवर बघावं तर तिथली माणसं बिस्किटी रंगाचे स्वेटर घालून गव्हाच्या शेतात उभी. आपल्याकडे शेत नाही, स्वेटर नाही, घाम मात्र मुबलक.

तर ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुम्ही खरोखर काढलेल्या फोटोंबद्दल लिहा. कुठे काढला, किती वाजता, कोणी काय घातलं, काय जमलं, काय फसलं. दुकानांच्या जाहिराती नकोत.

नौपाड्याची माई

आमच्याकडे सुरुवात आईपासून केली. आई नऊवारीशिवाय काही नेसत नाही आणि या वयात तिला नवं काही नेसायला लावणार कोण? तिची एक जुनी इरकल आहे, जांभळी, लाल काठाची. तीच पलंगावर पसरली आणि बाकीच्यांचे रंग तिच्यातून उचलले. सुनांना फिका जांभळा आणि राखाडीकडे झुकणारा निळा, पुरुषांना मोतिया रंगाचे सुती झब्बे, जावयाला त्याच्याकडे होता तोच गडद निळा सदरा. काठाचा लाल रंग अंगभर फक्त धाकट्या नातीला दिला. ती मधे बसली, बाकी कोणाच्या अंगावर लाल नाही. नवी खरेदी जवळपास शून्य.

याच्या उलट माझ्या जावेच्या माहेरी झालं. तरण्या मुलींनी आधी पिस्ता रंग पक्का केला आणि मग आजीसाठी पिस्ता नऊवारी शोधत फिरले. आधी गोखले रोड, मग दादर. मिळाली ती चकचकीत, सिंथेटिक. फोटोत आजींचा चेहरा बघवत नाही, इतक्या उकडलेल्या दिसतात. ज्याला कपड्यांत पर्याय कमी, त्याचे कपडे आधी ठरवा. आजी, तान्हं बाळ, गरोदर बाई, धोतरवाले आजोबा. बाकीच्यांचं काय, ते काहीही घालतील.

भिंगवाला काका

लग्नाचे फोटो काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो. मेच्या मध्याला ठाण्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या सुमाराला दुपारी फोटो काढलात तर कपाळ नि नाक चमकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. मग पैठणी नेसा नाहीतर पोतं. या दिवसांत सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून सहाच्या सुमाराला उभे राहा. सकाळी उठणारं घर असेल तर साडेसहा-सात, गर्दीही नसते.

कपड्यांबद्दल तीनच गोष्टी. अगदी बारीक चौकडी किंवा बारीक रेघा घालू नका, कॅमेऱ्यात त्यांच्या लाटा उमटतात. भडक पोपटी, भडक गुलाबी या रंगांचा उजेड हनुवटीखाली पडतो आणि माणूस आजारी दिसतो. झाडीत उभं राहायचं असेल तर हिरवा टाळा, नुसती मुंडकी तरंगताना दिसतात.

सेंट्रल पार्कवाली

खारघर. आमच्या ह्यांच्या हौसेखातर सगळ्यांना एकसारखे राखाडी टी-शर्ट, छातीवर आडनाव. गाडीतून उतरून पार्कात पोचेपर्यंत प्रत्येकाच्या काखेत आणि पाठीवर नकाशे! घाम राखाडीवर सगळ्यात जास्त दिसतो, मग आकाशीवर. पांढरा, गडद निळा आणि बारीक छापाचं मलमल यांच्यावर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. घरी परीक्षा सोपी आहे, कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब लावायचा आणि आरशात बघायचं. मी आता दुकानातही ओला रुमाल घेऊन जाते. विक्रेते बघत राहतात, बघू देत.

उगाच_एक

आम्ही सगळे पांढऱ्यात. मामा म्हणाले, शोकसभेचा फोटो वाटतो. मला तरी आवडतो.

दोराजाळ्या

सध्या सगळ्यांना खणाचं वेड आहे, म्हणून लिहिते. खणाचं परकर-पोलकं, खणाचे कुर्ते, बापलेकांची जोडी. दिसतं सुंदरच. पण बाजारात खण म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं कापड पॉलिस्टर मिसळलेलं असतं आणि मेच्या दमटपणात ते अंगाला चिकटतं. शिवायला टाकण्याआधी कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मला एका दुकानात छातीठोकपणे 'शुद्ध कॉटन' म्हणून दिलेल्या खणाचा घरी चांगला टपोरा मणी झाला.

मग काय, त्याचं उशीचं कव्हर शिवलं आणि मुलीला आईच्या जुन्या नारायणपेठेतून परकर केला.

पाणथळ

नेरूळला फ्लेमिंगोंसमोर फोटो काढायचं मनात असेल तर आमचा अनुभव ऐका. बायको नि मेव्हणीने पक्ष्यांशी जुळणारा गुलाबी रंग ठरवला होता. पक्षी असतात लांब, मोबाईलच्या फोटोत ते गुलाबी ठिपके दिसतात आणि पुढे आपण गुलाबी ढिगारे. चिखल करडा, पाणी करडं, तिथे मोहरीचा पिवळा किंवा विटकरी रंग उठून दिसतो. पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींसारखं मातकट काही घातलंत तर पक्षी बिचकणार नाहीत, पण फोटोत तुम्हीही दिसणार नाही! आणि चपला मळवायच्याच घाला.

तामण

मी सावळी आहे. दर फोटोच्या आधी एक आत्या हमखास सांगते, "तू आपलं फिकं घाल, पिवळं नको." का नको? मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीबाहेर तामण फुललेलं, जांभळा नुसता सडा. मी हळदीसारखा पिवळाधम्मक कुर्ता घातला आणि त्या झाडाखालीच फोटो काढायचा हट्ट धरला. सगळ्या फोटोत आधी नजर जाते ती माझ्याकडे. बदामी कपड्यांतली गोरी चुलत भावंडं भिंतीत मिसळल्यासारखी दिसतात. आत्याने तोच फोटो फ्रेम केलाय, बोलली काही नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गुलमोहर, बहावा, तामण सगळं फुललेलं असतं. आधी झाड बघून या, मग कपाट उघडा. येऊरच्या जंगलात हिरवंगार काही असेल या भरवशावर जाऊ नका, पावसाआधी तिथे सगळं तपकिरी असतं.

दोन_पोरांची_आई

लहान मुलांना कॅनकॅनचे फ्रॉक नकोत, टोचतात. फोटोचे कपडे पिशवीत न्यायचे आणि तिथे पोचल्यावर चढवायचे. आधी आईस्क्रीम नाही! आणि पाय बघा हो. सगळे नटूनथटून उभे आणि एकाच्या पायात बाथरूमच्या स्लीपर.

धागाकर्ती

माई, तुमची युक्ती लगेच अमलात आणली. सासूबाईंची आमसुली महेश्वरी निघाली, ग्रुपवर फोटो टाकला आणि भांडण निम्म्यावर आलं. मलमल पक्कं. काका, सहाची वेळही पक्की. आता एकच अडचण. सासऱ्यांचा चष्मा उन्हात काळा होतो, प्रत्येक फोटोत ते गुप्तहेर दिसतात. काढायला सांगितला तर ऐकत नाहीत.

भिंगवाला काका

त्या काचा उन्हातल्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि सावलीत गेल्यावर हळूहळू उतरतात. सगळ्यांची जमवाजमव होईपर्यंत त्यांना घरात किंवा गाडीत बसवा, उभं सगळ्यात शेवटी करा आणि पहिले दोन-तीन फोटो पटकन घ्या. नाहीतर कपाटात जुना, साध्या काचेचा चष्मा असेलच, फोटोपुरता तो द्या. नंबर बदललेला असेल, तेव्हा तलावाच्या पायऱ्यांवर त्यांचा हात धरा.