मदत हवी आहे: जुना डीएसएलआर ठेवू की खिशात मावणारा छोटा कॅमेरा?

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ कपाट रिकामं करतोय. त्यात त्याचे दोन जुने कॅमेरे निघाले. "यातला एक तू ठेव, दुसरा धाकट्याला देतो," असं म्हणून दादा मोकळा झाला. आता निर्णय माझ्यावर. पैशाचा प्रश्नच नाही, आणि त्यामुळेच जास्त घोळ झालाय. विकत घ्यायचा असता तर परवडेल तो उचलला असता आणि विषय संपला असता.

पहिला निकॉन डी४०, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर. २००६ सालचं मॉडेल, ६.१ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ मिमीची साधी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी (एफ/३.५-५.६, हा एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते; हात हलला तर सावरून घेणारी व्हीआर तिच्यात नाही). फोकसचे बिंदू तीनच. व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य बघायची सोय) नाही, म्हणजे फोटो काढायचा तर डोळा लावूनच.

दुसरा कॅननच्या इक्सस मालिकेतला. १० मेगापिक्सेल, ३५ ते १०५ म्हणजे तिप्पट झूम, शर्टाच्या खिशात बसतो. बटण दाबलं की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते.

माझी कामं मुख्यतः दोन. एक म्हणजे भाची. ती नुकती चालायला, खरं तर पळायला लागली आहे आणि तिचे सगळे पराक्रम संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात चालतात. दुसरं काम आजीच्या वह्यांचं. हिशेब, पत्ते, मधेच एखादी आठवण, असं सगळं तिच्या हस्ताक्षरात आहे. शाई फिकी पडलीय, काही पानं पेन्सिलीची आहेत. शिवण इतकी जीर्ण आहे की वही स्कॅनरवर उपडी दाबायची हिंमत होत नाही. म्हणून पानापानाचे फोटो काढून ठेवायचे आहेत. अधूनमधून फिरायला गेल्यावरही काढीन, पण तिथे फोन पुरतो.

हो, फोन आहे. कृपया "फोन वापरा" हा सल्ला नको. पळणारं मूल कमी उजेडात फोनने काढलं की फोन चार-सहा चित्रं एकावर एक रचतो आणि भाचीला तीन हात फुटतात. शिवाय फोन दिसला की ती फोटो राहू देते आणि फोनच मागते.

दोन्ही कॅमेरे एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत वापरून पाहिले. इक्ससचं बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत भाची फ्रेमच्या बाहेर गेलेली असते. फ्लॅश लावला तर चेहरा पांढराफटक आणि डोळे लाल. डी४० बटण दाबताक्षणी खटकन चालतो, पण फोटो तिथेही हललेलेच. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर नेऊनसुद्धा शटर १/४० सेकंदाच्या पुढे जाईना. एवढं धूड गळ्यात घालून हेच मिळणार असेल तर काय उपयोग, असं वाटून गेलं. मग दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून वहीची पानं काढली, आणि तिथे मला तरी इक्ससचेच फोटो जास्त स्वच्छ वाटले. पेन्सिलीची अक्षरंसुद्धा वाचता येतात.

हे असं कसं? मोठा कॅमेरा वहीत मागे पडतो आणि भाचीच्या बाबतीत दोघेही नापास, म्हणजे माझंच काही चुकतंय की कॅमेरेच आता म्हातारे झालेत? आणि एकच ठेवायचा तर कोणता?

प्रतिसाद १

डीएसएलआर ठेवा. छोट्या कॅमेऱ्याचं काम फोन करतोच. (सल्ला नको म्हणालात तरी लिहिलं, क्षमस्व.)

प्रतिसाद २

कॅमेरे म्हातारे नाहीत, तुमचंही काही चुकत नाहीये. अडचण त्या किट लेन्सची आहे.

३५ मिमीच्या आसपास ही लेन्स जास्तीत जास्त एफ/४.५ पर्यंत उघडते. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर सव्वासहापट उजेड आत येतो. म्हणजे तुमचं १/४० चं शटर त्याच खोलीत, त्याच आयएसओला १/२५० होतं. आणि चालत्या-पळत्या मुलाला १/२५० हवंच. १/४० ला फार तर झोपलेलं मूल मिळेल. व्हीआर असती तरी फरक पडला नसता, कारण व्हीआर तुमचा हात सावरते, भाचीला नाही.

इक्ससच्या बाबतीत ही वाटच बंद आहे, लेन्स बदलता येत नाही. त्यातून त्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. डी४० चा २३.७ बाय १५.६, म्हणजे ३७० च्या घरात. जवळपास तेरापट. आयएसओ १६०० ला हा फरक चेहऱ्यावर दिसतो: एकीकडे दाणे दिसतात पण पापण्याही दिसतात, दुसरीकडे दाणे पुसायच्या नादात कॅमेरा पापण्याही पुसून टाकतो. ६ विरुद्ध १० मेगापिक्सेल हा आकडा इथे विसरून जा.

फोकसचंही तेच. डीएसएलआर डोळा लावून वापरताना फोकससाठी वेगळे सेन्सर असतात. लेन्स कुठल्या बाजूला आणि किती फिरवायची हे त्यांना एका नजरेत कळतं. छोटा कॅमेरा लेन्स मागेपुढे करत चित्र कुठे सर्वांत ठसठशीत होतंय ते शोधत बसतो. तोवर मूल पसार.

आता महत्त्वाचं. डी४० च्या अंगात फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स (२००९ ची) एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेली आहे, ती चालते. ५० मिमी एफ/१.८ डी स्वस्तात दिसली तरी भुलू नका. ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल, आणि पळत्या मुलावर ते जमणं कठीण. त्याहून वाईट म्हणजे नव्या एएफ-पी लेन्स. त्या डी४० वर बसतात, पण ऑटोफोकस नाहीच, हातानेही फोकस होत नाही, कारण त्यांची रिंगसुद्धा मोटरवरच चालते आणि हा कॅमेरा त्या मोटरला ओळखत नाही. किट लेन्स म्हणून सर्रास मिळणाऱ्या नव्या १८-५५ मध्ये एएफ-पी भरपूर आहेत, तेव्हा लेन्सवरची अक्षरं वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादातलं सगळं बरोबर, पण वह्यांचा मुद्दा तसाच राहिला. लेखिकेला तिथे दिसलं ते खरं आहे.

वहीचं पान ए४ च्या आसपास धरू. डी४० चं चित्र ३००८ बाय २००० पिक्सेल. पान आडवं २१ सेंमी, म्हणून सेंटिमीटरमागे जेमतेम ९५ पिक्सेल मिळतात. इक्ससचं चित्र ३६४८ बाय २७३६. त्यात सेंटिमीटरमागे १२० च्या वर पिक्सेल येतात. दिवसाउजेडी आयएसओ ८० किंवा १०० ला त्याचा सेन्सर अजिबात वाईट नाही. कमी उजेडात हरणारा कॅमेरा खिडकीशी जिंकू शकतो, त्यात नवल नाही.

शिवाय जीर्ण शिवणीची वही सपाट कधीच उघडत नाही, शिवणीशी पान फुगतं. छोट्या सेन्सरला खोलवर फोकस आपोआप मिळतो, त्यामुळे फुगवटा आणि कडा दोन्ही स्पष्ट येतात. डी४० ला एफ/८ किंवा एफ/११ वर नेऊन, ट्रायपॉडवर हे साधता येईल. पण लाइव्ह व्ह्यू नसल्यामुळे टेबलावर खाली तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात वरून डोळा घालायचा. तीस पानं झाली की मान सांगते किती झाली ते.

काढताना फ्लॅश बंद आणि २ सेकंदांचा टायमर चालू ठेवा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागणार नाही. झूम सर्वांत जास्त दृश्य मावतं त्या टोकाला ठेवू नका, तिथे सरळ ओळी कमानीसारख्या वाकतात. थोडा झूम करा. कागदाचा फिकट रंग पाहून कॅमेरा फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अधिक २/३ किंवा अधिक १ करा. पेन्सिलीच्या पानांना उजेड एका बाजूने, तिरपा पडू द्या. टोकाने कागदावर उमटलेली खाच सावलीमुळे वर येते आणि शिसं पुसलं गेलंय तिथलीही काही अक्षरं लागतात. पान दाबायला काच ठेवायचा मोह टाळा, खिडकीचं प्रतिबिंब नेमकं मधल्या ओळींवर पडतं.

प्रतिसाद ४

कोणता चांगला हे ठरवण्याआधी दोन्ही तपासा. इतक्या जुन्या वस्तूत मॉडेलपेक्षा तो विशिष्ट नग कसा आहे हे जास्त महत्त्वाचं.

डी४० ची लेन्स काढा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी आहे. ती कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना हमखास धरते. चार धुलीकण दिसले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. मग एफ/२२ ला मोकळ्या आकाशाचा मुद्दाम फोकस चुकवलेला फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. या मॉडेलमध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही, पण तो पुसता येतो. शटर आजवर किती वेळा चाललंय तो आकडा निकॉनच्या फोटोफाइलमध्येच नोंदलेला असतो, एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) सविस्तर वाचणाऱ्या साधनात दिसेल.

इक्ससची लेन्स आत-बाहेर होताना कान देऊन ऐका. करकर आवाज, मध्येच अडखळणं किंवा लेन्सपुढच्या झाकणपट्ट्या अर्धवट मिटणं ही धोक्याची घंटा. लेन्स अडकली की छोटा कॅमेरा बहुधा संपलाच, कारण उघडून दुरुस्त करण्याच्या लायकीचा कोणी ठेवत नाही. आत धूळ गेली असेल तर तीही तिथेच राहते. दोन्ही बॅटऱ्या टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघा. गरगर फिरली तर पोट फुगलंय, ती वापरू नका.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी घ्या. ६४ चं एसडीएक्ससी डी४० साठी नाही.

जाता जाता: सध्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची जी लाट आलीय तिच्यात "सीसीडीचे रंग" (सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार) फार ऐकू येतात. त्या मोहात इक्सस ठेवणार असाल तर डी४० चा सेन्सरही सीसीडीच आहे, एवढंच सांगतो.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ ला क्षमा केली आहे.

तपासणी झाली. डी४० च्या लेन्समध्ये बुरशी नाही, आकाशाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा पुंजका आहे. इक्ससची लेन्स बाहेर येताना एकदा कण्हते, पण येते. बॅटरी त्याचीच फुगली होती, ती बाजूला काढली.

दादाशी बोलले. वह्या काही आयुष्यभर पुरणार नाहीत, भाची मात्र पळतच राहणार. म्हणून डी४० मी ठेवतेय. धाकट्याला इक्ससची घाई नाही, वह्या संपेपर्यंत तो माझ्याकडे राहील. बॅटरी तेवढी मी नवी घालून देईन.

आता लेन्सचा शेवटचा प्रश्न. ओळखीच्या एकांकडे ५० मिमी एफ/१.८ जी आहे, एएफ-एस लिहिलंय. ३५ शोधत बसण्यापेक्षा ती घेतली तर?

प्रतिसाद २ चा लेखक

५० जी चालेल, फोकसही करेल. पण या सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी, म्हणजे दृश्य जवळ ओढून दाखवते. भाची खोलीच्या पलीकडच्या टोकाला असेल तर उत्तम, पायाशी आली की नुसतं नाक मिळेल. घेण्याआधी किट लेन्स ५० वर ठेवून एक संध्याकाळ झूमला हात न लावता काढून बघा. मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागत असेल तर ३५ च शोधा.