करारात नावं कोणाकोणाची?

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्यांना इथे कोणीतरी सल्ला दिलाय की हिंजवडीपेक्षा पुनावळ्याला तिघांत टू बीएचके घ्या, स्वस्त पडेल; ते भाड्यापुरतं पटतं. पण खरी मेख डिपॉझिटमध्ये आहे. आम्ही तिघांनी पैसे समान काढले, करारात नाव मात्र एकाचंच. त्याला सहा महिन्यांत बंगळुरूला नोकरी लागली आणि मालक म्हणाले, "तुम्हाला मी ओळखत नाही." माझे २० हजार निघायला दिवाळी उजाडली.

तेव्हा लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे भाड्याच्या करारात, तिघांचीही नावं घालाच. आणि करार नोंदवणं ही महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार (कलम ५५) मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. 'नोंदणी कशाला, नुसती नोटरी चालते' म्हणणाऱ्या एजंटला हे ऐकवा, चेहरा बघण्यासारखा होतो.