मदत हवी आहे: बाळ दूध ओकतंय, काय द्यावं?

रेवा_क: सकाळपासून ओकतंय. पाजलं की बाहेर. इथले डॉक्टर उद्या दहाला येणार. तोवर कुठलं औषध चालेल? लवकर सांगा, लेक्चर नको.

मोगरा: केवढंय बाळ? शी-शू होतेय का?

आजीचा_बटवा: बेंबीभोवती हिंग कालवून लाव, ओव्याची पुरचुंडी शेकव. दोन्ही नातवंडांना मी हेच केलं. तू हरभरा खाल्लास का?

ठाणेकर_निखिल: ढेकर निघत नसेल. बाटली कुठली वापरता? आम्ही काचेची घेतली, फरक पडला.

रेवा_क: बाटली नाहीच, अंगावर पितंय. नऊ दिवसांचं आहे. हिंग सासूबाईंनी केव्हाच लावला. औषधाचं नाव सांगा ना कुणीतरी!

एनआयसीयू_सिस्टर: उलटीचा रंग?

रेवा_क: आधी पांढरी होती. दुपारपासून हिरवट. का?

एनआयसीयू_सिस्टर: औषध राहू दे, आत्ता हॉस्पिटलला निघ. एवढ्याशा बाळाची हिरवी उलटी म्हणजे पित्त, आतड्यात पुढे कुठेतरी अडलेलं असू शकतं. गर्भात असताना आतडं नीट फिरून जागेवर बसलं नसेल तर त्याला पीळ पडतो, रक्त थांबतं, काही तासांत आतडं काळं पडतं. पोट मऊ असलं, शी झाली असली तरी थांबू नकोस. आता पाजू नकोस.

आजीचा_बटवा: ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवता? पित्त सगळ्यांनाच होतं.

एनआयसीयू_सिस्टर: आजी, आपलं पित्त म्हणजे ॲसिडिटी, हे यकृतातून येणारं हिरवं पित्त.

ठाणेकर_निखिल: पायलोरिक स्टेनोसिस असेल, म्हणजे जठरातून पुढे जायची वाट अरुंद होते. भाच्याला होतं, कारंजंच उडायचं. सोनोग्राफीत कळलं.

एनआयसीयू_सिस्टर: ते बहुधा तीन ते सहा आठवड्यांत होतं, आणि त्यात उलटी हिरवी नसते.

रेवा_क: समोर लॅब आहे, एक्स-रे काढून घेऊ?

एनआयसीयू_सिस्टर: नको, वेळ जाईल. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलही दिसतो. हॉस्पिटलात पोटात डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून फोटो काढतील. बाळ फारच मलूल असलं तर थेट ऑपरेशन. लहान मुलांचे सर्जन आहेत का ते फोनवर विचारूनच हॉस्पिटल ठरव. ओकलेलं दुपटं धुऊ नकोस, बरोबर ने.

मोगरा: १०८ लाव. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

रेवा_क: गाडी येतेय. सासूबाई म्हणतात वाटेत उपाशी कसं ठेवायचं?

एनआयसीयू_सिस्टर: सलाईन लावतील. उबदार गुंडाळून घे.

आजीचा_बटवा: हिंगाने काही वाईट होत नाही, एवढंच म्हणते.

मोगरा: आजी, हिंगाचा वेगळा धागा काढा. रेवा, पोचलीस की कळव.